पंचावन्न दिवसांचा मोह

ताऱ्याचा स्फोट म्हटला की डोळ्यांपुढे येते ते चित्र सिनेमातले असते: कानठळ्या, लखलखाट आणि मग काळोख. अवकाशात आवाज पोहोचत नाही हे आता शाळकरी पोरही सांगते. लखलखाटाबद्दलचा गैरसमज मात्र तसाच राहिला आहे. सुपरनोव्हाचा जो उजेड महिनोन्‌महिने दुर्बिणीतून दिसत राहतो, तो बहुतेक वेळा स्फोटाचा नसतोच. स्फोट काही सेकंदांत उरकलेला असतो. दिसतो तो उजेड नंतर दुसऱ्याच कुठल्या तरी साठ्यातून येत असतो. तो साठा कोणता, हे शोधताना विसाव्या शतकातली काही अतिशय तल्लख डोकी मोठ्या ऐटीत चुकली. त्या चुकीबद्दल लिहावेसे वाटते, कारण तीच चूक नव्या कपड्यांत आज पुन्हा दारात उभी आहे.

आधी हिशेब मांडू. मोठ्या ताऱ्याचा गाभा स्वतःच्याच वजनाने कोसळतो, तेव्हा सुटणारी ऊर्जा सूर्य आपल्या दहा अब्ज वर्षांच्या आयुष्यात जेवढी देईल तिच्या दोनशेपटींहून जास्त भरते. हिला एक रुपया धरा. त्यातले नव्याण्णव पैसे न्यूट्रिनो घेऊन जातात आणि कुणाला पत्ताही लागत नाही. उरलेला एक पैसा ताऱ्याचे थर उधळून देण्यात खर्ची पडतो. उजेडाच्या वाट्याला येतो तो साधारण या पैशाचाही शंभरावा भाग. तेवढ्या चिल्लरीवर तो तारा कोट्यवधी, कधी अब्जावधी सूर्यांच्या तोडीने आठवडेच्या आठवडे तळपतो. म्हणजे सुपरनोव्हाचा प्रकाश हा त्या घटनेचा अगदी किरकोळ खर्च आहे. पण आपल्याला दिसतो तो तेवढाच, आणि आपली सगळी शास्त्रे त्या किरकोळ खर्चाच्या पावतीवरून मूळ व्यवहार ओळखू पाहतात.

दुसऱ्या जातीचा स्फोट श्वेत बटूचा. पृथ्वीएवढ्या आकारात सूर्याहून जास्त वस्तुमान कोंबलेला, कार्बन आणि ऑक्सिजनचा हा गोळा साथीदार ताऱ्याच्या संगतीत पेटतो आणि पूर्णपणे उडून जातो. मागे काही उरत नाही. खगोलशास्त्रज्ञ याला ‘वन-ए’ जातीचा सुपरनोव्हा म्हणतात. इथे न्यूट्रिनोंची लूट नसते. अणूंच्या जळण्यातून आलेली ऊर्जा गोळा फोडण्यात आणि मलब्याला वेग देण्यात जाते. हा वेग सेकंदाला सुमारे दहा हजार किलोमीटर असतो. आता खरी अडचण पाहा. स्फोटाच्या क्षणी तो वायू कमालीचा तापलेला असतो, पण इतका दाट असतो की प्रकाश आतच कोंडून राहतो. वायू पसरतो, कोंडलेला प्रकाश त्याला बाहेर रेटतो आणि रेटता रेटता स्वतःची ऊर्जा गमावतो. त्रिज्या दुप्पट झाली की कोंडलेली उष्णता निम्मी. उजेडाला बाहेर पडण्याइतका मलबा विरळ व्हायला अडीच-तीन आठवडे लागतात. तोवर काही हजार किलोमीटरांचा गोळा पंधरा अब्ज किलोमीटरांपर्यंत पसरलेला असतो. त्रिज्या दहा लाखांपटीहून जास्त वाढली, म्हणजे मूळ उष्णतेचा दहा लाखावा भागही शिल्लक नाही. या हिशेबाने वन-ए सुपरनोव्हा जवळजवळ अदृश्यच राहायला हवा. प्रत्यक्षात तो सर्वांत झगझगीत सुपरनोव्हांपैकी एक असतो, आणि ज्या सुमाराला तो विझलेला असायला हवा त्याच सुमाराला, विसाव्या दिवसाच्या आसपास, ऐन भरात असतो.

तेव्हा स्फोटानंतर कुणीतरी मलब्यात इंधन घालत असले पाहिजे. कोण?

या प्रश्नाचा पहिला धागा वॉल्टर बाडे यांच्या चिकाटीतून मिळाला. १९३७ साली फ्रिट्झ झ्विकी यांनी आयसी ४१८२ या छोट्या दीर्घिकेत एक सुपरनोव्हा टिपला. माउंट विल्सनच्या दुर्बिणीवर बाडे तो जवळपास दोन वर्षे मोजत राहिले. एवढा फिकट झालेला तारा दोन वर्षे धरून ठेवणे म्हणजे काय, हे फोटोच्या काचेवर ठिपके मोजणाऱ्यालाच कळेल. सुरुवातीचा चढउतार संपल्यावर ताऱ्याचे तेज एका ठरावीक चालीने उतरू लागले: दर पंचावन्न दिवसांनी निम्मे, पुन्हा पंचावन्न दिवसांनी त्याच्या निम्मे. ही चाल पाहिली की भौतिकीच्या कोणत्याही विद्यार्थ्याला किरणोत्सर्ग आठवतो. अर्धायुष्य हा शब्दच तिथून आला. आता पंचावन्न दिवसांचे अर्धायुष्य असलेला अणू शोधायचा, एवढेच काम उरले.

असे वाटणे हाच तो मोह.

पहिला उमेदवार १९५० साली लाइल बोर्स्ट यांनी पुढे केला: बेरिलियम-७, अर्धायुष्य ५३ दिवस. तो फारसा टिकला नाही. दुसरा उमेदवार मात्र रुबाबदार होता. १ नोव्हेंबर १९५२ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरातल्या एनिवेटोक प्रवाळद्वीपावर पहिल्या मोठ्या हायड्रोजन बाँबची चाचणी केली. ढगांतून विमाने नेऊन गाळणकागदांवर धूळ गोळा केली गेली, आणि तिच्यात असे जड अणू सापडले जे पृथ्वीवर कुणी पाहिले नव्हते. युरेनियमने एका क्षणार्धात दहा-पंधरा न्यूट्रॉन गिळले होते. त्या धुळीत कॅलिफोर्नियम-२५४ हा अणूही होता. तो आपसूक दुभंगतो, दुभंगताना भरमसाट ऊर्जा देतो, आणि त्याचे अर्धायुष्य तेव्हाच्या मोजणीनुसार होते पंचावन्न दिवस.

माहिती गुप्ततेच्या पडद्यातून बाहेर येताच १९५६ साली जेफ्री आणि मार्गारेट बर्बिज, विल्यम फाउलर, रॉबर्ट क्रिस्टी आणि फ्रेड हॉइल यांनी शोधनिबंध प्रसिद्ध केला. बाडेही लगोलग या मंडळींत सामील झाले. हॉइल हे नाव मराठी वाचकाला परके नाही. जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू म्हणून ते आपल्या घरचेच झाले आहेत. हा कंपू काही साधासुधा नव्हता. मूलद्रव्ये ताऱ्यांत कशी शिजतात याचा जो आराखडा पुढच्याच वर्षी, १९५७ मध्ये, बर्बिज दांपत्य, फाउलर आणि हॉइल यांनी दिला, त्यावर आजही इमारत उभी आहे. कॅलिफोर्नियमची कल्पना त्याच इमारतीची एक वीट होती. तर्क असा: बाँबमध्ये अणू भराभर न्यूट्रॉन गिळतात हे दिसले, सुपरनोव्हातही न्यूट्रॉनांचा पूर येत असणार, तेव्हा तिथेही कॅलिफोर्नियम तयार होईल, आणि बाडेंच्या ताऱ्याची पंचावन्न दिवसांची चाल ही त्याचीच नाडी.

इतके देखणे उत्तर सहसा मिळत नाही. प्रशांत महासागरातली धूळ आणि दूरच्या दीर्घिकेतला विझता तारा एकाच आकड्याने बांधले गेले. आणि ते उत्तर चूक होते.

का चूक, हे नीट पाहण्यासारखे आहे. एक तर भराभर न्यूट्रॉन गिळण्याच्या प्रक्रियेत एकटे कॅलिफोर्नियम तयार होत नाही. शेकडो जातींचे अणू एकत्र तयार होतात, प्रत्येकाचे अर्धायुष्य वेगळे. त्यांतून एकाच अणूची नाडी स्वच्छ ऐकू यावी, यासाठी बाकीच्यांनी सोयीस्करपणे गप्प बसायला हवे. दुसरे म्हणजे एवढे कॅलिफोर्नियम प्रत्येक सुपरनोव्हात तयार होत असते, तर युरेनियम, सोने, प्लॅटिनम अशा जड द्रव्यांचा विश्वात सुकाळ झाला असता. आणि तिसरे, पंचावन्न हा आकडाही टिकला नाही. पुढच्या मोजण्यांत कॅलिफोर्नियम-२५४ चे अर्धायुष्य साडेसाठ दिवसांवर गेले. जुळलेला आकडा उसना निघाला.

खरे उत्तर एका अनपेक्षित कोपऱ्यातून आले. वॉशिंग्टनमधल्या हॉवर्ड विद्यापीठात, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या नामांकित विद्यापीठात, टायटस पँकी यांनी १९६२ साली डॉक्टरेटचा प्रबंध दिला. त्याचा विषय पृथ्वीवरची खनिजे हा होता. त्यात त्यांनी सुचवले की सुपरनोव्हाचा उजेड निकेल-५६ पासून येत असावा: निकेलचे होते कोबाल्ट-५६ आणि कोबाल्टचे होते लोखंड. त्यांच्याकडे फारसे कुणी लक्ष दिले नाही. खनिजांवरच्या प्रबंधात सुपरनोव्हा कोण शोधायला जाणार, असे म्हणता येईल. पण फाउलरांच्या पॅसेडेनातल्या एखाद्याने हेच मांडले असते तर ते इतके दिवस दडून राहिले असते का, हा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही.

१९६७ मध्ये ट्रुरन, आर्नेट आणि कॅमेरून यांनी दाखवून दिले की स्फोटात निकेल-५६ तयार होणे जवळजवळ अटळ आहे. कारण सरळ आहे. स्फोटात जळणाऱ्या द्रव्यात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन समसमान असतात. तापमान पाच अब्ज अंशांच्या घरात जाते, पण सगळा खेळ सेकंदाभरात आटोपतो. तेवढ्या वेळात प्रोटॉनचे न्यूट्रॉन करायला सवड मिळत नाही. तेव्हा समसमान संख्येच्या अणुकेंद्रांत जे सर्वांत घट्ट बांधलेले, तेच शेवटी उरते: २८ प्रोटॉन आणि २८ न्यूट्रॉन, म्हणजे निकेल-५६. त्याचे अर्धायुष्य सहा दिवस. त्यातून येणाऱ्या कोबाल्टचे सत्त्याहत्तर दिवस. दोन वर्षांनी, १९६९ मध्ये, स्टर्लिंग कोलगेट आणि मकी यांनी या निकेलवर सुपरनोव्हाच्या उजेडाचे गणित बांधले. हे कोलगेट टूथपेस्टवाल्या घराण्यातलेच. मात्र त्यांनी दातांऐवजी हायड्रोजन बाँबवर काम केले आणि तिथले ज्ञान ताऱ्यांकडे वळवले.

आता गंमत पाहा. बाडेंचा आकडा होता पंचावन्न. कोबाल्टचा आहे सत्त्याहत्तर. खऱ्या उत्तराचा आकडा जुळत नव्हता आणि खोट्याचा जुळत होता. १९५६ साली एखाद्याने कोष्टक उघडून अर्धायुष्ये चाळली असती, तर कोबाल्टवर त्याने काट मारली असती, आणि ते अगदी शास्त्रशुद्ध वाटले असते.

न जुळण्याचे कारण मलब्यातच होते. कोबाल्टचा अणू विघटित होतो तेव्हा प्रामुख्याने गॅमा किरण सोडतो. त्यांतला एक ठळक किरण ८४७ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा. हा किरण सरळ बाहेर येत नाही. तो इलेक्ट्रॉनला धडकतो, थोडी ऊर्जा देतो, वळतो, पुन्हा धडकतो. असे करत त्याचा क्ष-किरण होतो आणि मग कुठल्यातरी अणूत तो शोषला जातो. धक्के खाल्लेले इलेक्ट्रॉन आजूबाजूचा वायू तापवतात आणि तो वायू डोळ्यांना दिसेल असा प्रकाश देतो. म्हणजे आपण पाहतो तो कोबाल्टचा उजेड चौथ्या-पाचव्या हाताने आलेला असतो. श्वेत बटूचा मलबा हलका आणि वेगवान. दीडदोन महिन्यांत तो इतका विरळ होतो की काही गॅमा किरण कुठेही न धडकता निसटू लागतात. रोज गळती वाढते. कोबाल्ट आपल्या सत्त्याहत्तर दिवसांच्या चालीनेच चालत असतो, पण त्याची कमाई मलब्याला पुरती मिळत नाही, म्हणून उजेड अधिक झपाट्याने, पन्नास-पंचावन्न दिवसांत निम्मा होतो. बाडेंनी दोन वर्षे मोजलेली पंचावन्न दिवसांची चाल ही कुठल्याच अणूची नाडी नव्हती. ती एका अणूच्या नाडीतून गळती वजा करून उरलेली बाकी होती.

मग निकेलवर विश्वास का ठेवायचा? ‘गळती’ हे तर न जुळणारा आकडा जुळवून घेण्याचे निमित्त झाले, असे कुणी म्हटले तर तो आक्षेप रास्त आहे. त्याला उत्तर द्यायला गळती नसलेला सुपरनोव्हा हवा होता. तो २४ फेब्रुवारी १९८७ च्या रात्री मिळाला.

चिलीतल्या लास कॅम्पानास वेधशाळेत इअन शेल्टन मोठ्या मॅगेलनी मेघाचे फोटो घेत होते. काच धुऊन पाहिली, तर तिच्यावर एक नको तेवढा मोठा ठिपका. खराबी असेल म्हणून ते बाहेर जाऊन आकाशात पाहून आले, तर तो तारा नुसत्या डोळ्यांनी दिसत होता. त्याच वेधशाळेतले दुर्बीणचालक ऑस्कर दुहाल्दे यांनी तो काही तास आधीच पाहिला होता, पण कामाच्या गडबडीत कुणाला सांगायचे राहून गेले. एक लाख अडुसष्ट हजार प्रकाशवर्षांवरचा हा तारा. महाराष्ट्रातून तो भाग क्षितिजाला जवळजवळ टेकलेलाच असतो. प्रकाश पोहोचण्याच्या काही तास आधी जपानच्या कामिओकांडे, अमेरिकेतल्या आयएमबी आणि रशियातल्या बक्सान या भूमिगत उपकरणांनी मिळून दोन डझन न्यूट्रिनो पकडले होते. वर म्हटलेल्या नव्याण्णव पैशांतली ही प्रत्यक्ष हाती लागलेली नाणी. गाभा कोसळतो हे तोवर कागदावर होते. त्या दिवशी ते मोजले गेले.

या ताऱ्यावर हायड्रोजनचे जाडजूड पांघरूण होते, त्यामुळे गॅमा किरण आतच अडकत होते. आणि तेजाच्या उताराची चाल? सत्त्याहत्तर दिवसांत निम्मे. जुलै १९८७ पासून महिनोन्‌महिने, काटेकोर. त्यावरून आत किती निकेल तयार झाले असेल तेही काढता आले: सूर्याच्या वस्तुमानाच्या सुमारे सात टक्के. माझ्या मते तरीही एवढ्यावर खटला संपत नव्हता. एका आकड्याने एकदा फसवले होते; दुसऱ्या आकड्यावर केवळ जुळतो म्हणून विश्वास का टाकावा? खटला संपवला तो सोलर मॅक्सिमम मिशन या उपग्रहाने. तो सूर्याकडे पाहण्यासाठी सोडलेला होता. बिघडल्यामुळे १९८४ मध्ये अंतराळवीरांनी कक्षेत जाऊन तो दुरुस्त केला होता. त्याच्या गॅमा उपकरणात १९८७ च्या उत्तरार्धात बाजूने किरण शिरू लागले: ८४७ आणि १२३८ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे. या ऊर्जा म्हणजे कोबाल्ट-५६ च्या बोटांचे ठसे. दुसऱ्या कुणाचे असू शकत नाहीत. हे किरण अपेक्षेपेक्षा कितीतरी महिने लवकर दिसले, त्यावरून निकेल आत शांत न बसता वरच्या थरांत घुसलेले आहे हेही कळले. असे झाले की मला सिद्धांताबद्दल जास्त भरवसा वाटतो: मुख्य गोष्ट खरी ठरली, तपशील चुकला आणि चुकलेल्या तपशिलाने नवीन काहीतरी शिकवले.

वन-ए जातीचा पुरावा आणखी सत्तावीस वर्षांनी आला. जानेवारी २०१४ मध्ये लंडनच्या विद्यापीठीय वेधशाळेत स्टीव्ह फॉसी विद्यार्थ्यांना दुर्बीण शिकवत होते. आभाळ ढगाळू लागले म्हणून घाईने एम८२ ही दीर्घिका लावली, आणि तिच्यात एक जास्तीचा तारा दिसला. युरोपचा इंटिग्रल उपग्रह तिकडे वळवला गेला. निकेल आणि कोबाल्ट दोघांचेही गॅमा किरण मिळाले. सूर्याच्या निम्म्याहून अधिक वस्तुमानाचे निकेल. बाडेंच्या ताऱ्यानंतर सत्त्याहत्तर वर्षांनी. हा आकडा मात्र निव्वळ योगायोग.

यातून मी एक फरक काढतो आणि त्यावर वाद घालायला तयार आहे. कॅलिफोर्नियम हा उजेडाच्या आलेखावरून शोधलेला अणू होता. निकेल हे अणुभौतिकीतून, आलेखाकडे न पाहता, अटळपणे बाहेर पडलेले होते. पहिल्याचा आधार फक्त जुळणी. दुसऱ्याला जुळणी नसतानाही स्वतःचे पाय होते. सिद्धांताची किंमत तो किती छान जुळतो यावर ठरवायची नसते. आलेख झाकून ठेवला तर तो सांगणाऱ्याने काय सांगितले असते, यावर ठरवायची असते.

याचा अर्थ सगळे सुपरनोव्हा निकेलवर चालतात असा नाही. फुगलेला तांबडा तारा फुटतो तेव्हा तो आधीच सूर्याच्या शेकडोपट त्रिज्येचा असतो. त्याला दहा लाखपट पसरावे लागत नाही. दहा-वीसपट पसरला की उजेड बाहेर. म्हणून त्याच्यात स्फोटाची मूळ उष्णता टिकून राहते, आणि तो शंभरेक दिवस एका पातळीवर जळत राहतो. निकेलची पाळी त्यानंतर येते. काही तारे मरण्यापूर्वी स्वतःभोवती वायूचे वेटोळे टाकून ठेवतात. मलबा त्याच्यावर आदळतो आणि वेगात गुंतलेला तो एक पैसा उजेडाच्या रूपाने वसूल होऊ लागतो. या साठ्याचा आवाका मोठा आहे, कारण वेगात गुंतलेली ऊर्जा नेहमीच्या उजेडाच्या शंभरपट असते.

अशी टक्कर खरोखर होते आहे की नाही, हे आलेखावरून न ठरवता वेगळ्या वाटेने ठरवता येते, आणि त्या वाटेवर आपले नारायणगावजवळचे खोडद लागते. तिथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या ज्या लांब लहरी ऐकतात, त्या टकरीत वेग घेतलेल्या इलेक्ट्रॉनांपासून येतात. एम८१ मधल्या १९९३ च्या सुपरनोव्हावर मुंबईच्या टीआयएफआरमधले अलक रे, पूनम चंद्रा आणि त्यांचे सहकारी यांनी जीएमआरटी आणि अमेरिकेतल्या व्हीएलएची निरीक्षणे एकत्र मांडली. जास्त ऊर्जेचे इलेक्ट्रॉन लवकर थकतात, त्यामुळे रेडिओ वर्णपट एका ठिकाणी मोडतो; तारा फुटून किती वर्षे झाली हे ठाऊक असल्याने त्या मोडीवरून तिथले चुंबकीय क्षेत्र थेट काढता आले. एरवी हे क्षेत्र गृहीत धरण्याची रीत होती: कणांत आणि क्षेत्रात ऊर्जा सारखी वाटली आहे असे मानायचे आणि पुढे जायचे. इथे गृहीतकाच्या जागी मोजमाप आले. वर्तमानपत्रात जागा मिळण्याजोगी ही बातमी नाही. पण मी ज्या प्रकारच्या पुराव्याची बाजू घेतो आहे, तो हाच.

कॅलिफोर्नियमचे पुढे काय झाले तेही सांगायला हवे. १७ ऑगस्ट २०१७ रोजी तेरा कोटी प्रकाशवर्षांवरच्या एनजीसी ४९९३ या दीर्घिकेत दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळले. गुरुत्वलहरी आल्या आणि पाठोपाठ एक झपाट्याने तांबडा होत जाणारा उजेड दिसला. इथे खरोखरच न्यूट्रॉनांचा पूर होता, आणि उजेड खरोखरच नव्या जड अणूंच्या किरणोत्सर्गाचा होता. त्याची चाल एका अर्धायुष्याची नव्हती; शेकडो अणूंची मिळून होणारी चाल जशी असावी, तशी होती. पुढच्याच वर्षी काही संशोधकांनी दाखवले की अशा स्फोटाच्या उत्तररंगात, बाकीचे अणू दमल्यावर, कॅलिफोर्नियम-२५४ चे दुभंगणे उजेडात आपला वाटा उचलू शकते. हॉइल मंडळींची प्रक्रिया खरी होती, बाँबवरून केलेला तर्क खरा होता. त्यांनी तो चुकीच्या स्फोटाला लावला, कारण तिथे आकडा जुळत होता.

आता आजच्या दारातल्या पाहुण्याकडे येऊ. २००५ नंतर नेहमीच्या सुपरनोव्हाच्या दहापट ते शंभरपट तळपणारे स्फोट सापडू लागले. २०११ पर्यंत त्यांची वेगळी जात मानली गेली. निकेलने त्यांचा हिशेब लागत नाही. तेवढ्या उजेडाला सूर्याच्या कितीतरीपट वस्तुमानाचे निकेल हवे, आणि काही ठिकाणी तर उधळलेल्या एकूण मलब्यापेक्षा जास्त. २०१० मध्ये केसन आणि बिल्डस्टेन यांनी, आणि स्वतंत्रपणे वूस्ली यांनी, एक मोहक उत्तर दिले. स्फोटानंतर मागे उरलेला न्यूट्रॉन तारा सेकंदाला शेकडो गिरक्या घेत असेल आणि त्याचे चुंबकीय क्षेत्र अतिप्रबळ असेल, तर तो मंदावताना आपली गिरकीची ऊर्जा मलब्यात ओततो. अशा ताऱ्याला मॅग्नेटार म्हणतात.

कल्पना हवेतली नाही. १०५४ साली चिनी दरबाराच्या ज्योतिष्यांनी नोंदलेला, तेवीस दिवस भरदिवसा दिसलेला तारा जिथे फुटला, तिथल्या खेकडा तेजोमेघात आजही न्यूट्रॉन तारा सेकंदाला तीस गिरक्या घेतो आणि सगळा मेघ त्याच्या मंदावण्यावर पेटलेला आहे. (आपल्याकडच्या जुन्या ग्रंथांत या ताऱ्याची नोंद शोधण्याचा खटाटोप नारळीकरांनी संस्कृतच्या अभ्यासक सरोजा भाटे यांच्यासह केला होता; निर्विवाद म्हणावी अशी नोंद हाती आली नाही.)

माझी तक्रार कल्पनेबद्दल नाही, तिच्या वापराबद्दल आहे. मॅग्नेटारच्या गणितात गिरकीचा वेग, चुंबकीय क्षेत्र आणि मलब्याचे वस्तुमान अशा किमान तीन खुंट्या पिळता येतात. त्या पिळल्या की शिखर वरखाली होते, उतार कमीजास्त होतो आणि जवळजवळ कोणताही गुळगुळीत आलेख जुळतो. मग शोधनिबंधात वाक्य येते की या स्फोटामागे अमुक वेगाचा मॅग्नेटार आहे. जुळवलेली संख्या मोजलेल्या संख्येच्या थाटात छापली जाते. काही आलेखांवर उंचवटे दिसतात, जे साधे गणित सांगू शकत नाही. मग त्यांच्यासाठी टकरीचा वेगळा हप्ता जोडला जातो. हे सगळे बरोबरही असू शकेल. पण पंचावन्न दिवसांच्या मोहात निदान एकच आकडा होता आणि तो ठाम होता. इथे तर आकडे मागू तसे मिळतात.

यावर खगोलशास्त्रज्ञ म्हणतील की कोट्यवधी प्रकाशवर्षांवरच्या ठिपक्याबाबत आलेखापलीकडे मिळते तरी काय? मिळते. मॅग्नेटार आत असेल तर मलबा विरळ झाल्यावर त्याचे जास्त ऊर्जेचे किरण निसटू लागायला हवेत आणि उजेडात तेवढी तूट दिसायला हवी. वर्षा-दोन वर्षांनी आतल्या ऑक्सिजनच्या वर्णरेषांवर त्या किरणांचा परिणाम उमटायला हवा. निकेलच्या वाटणीची लोखंडाची रास तिथे नसावी. ही भाकिते आलेखाला न विचारता करता येतात, आणि काही स्फोटांबाबत ती तपासलीही जात आहेत. १९८७ च्या ताऱ्याबाबतही मागे न्यूट्रॉन तारा उरला का, हे पस्तीस वर्षे कळत नव्हते. जेम्स वेब दुर्बिणीने मलब्याच्या मधोमध आयनीभूत अरगॉनच्या रेषा टिपल्या आणि २०२४ मध्ये त्या ताऱ्याच्या अस्तित्वाचा ठोस पुरावा पुढे आला. तोही आलेखातून आलेला नाही, वर्णपटातून आला.

आणि इथे प्रश्न पैशांचाही होतो. जून २०२५ मध्ये चिलीतल्या व्हेरा रुबिन वेधशाळेने आपली पहिली छायाचित्रे दाखवली. ८.४ मीटरच्या आरशाची ही दुर्बीण दहा वर्षांत लाखो सुपरनोव्हा टिपेल. म्हणजे लाखो आलेख. त्यांतल्या थोड्याशाच ताऱ्यांचे वर्णपट घेता येतील, कारण वर्णपट घ्यायला वेळ लागतो आणि मोठ्या दुर्बिणींच्या रात्री मोजक्या असतात. उरलेल्यांना आपण काय करणार? खुंट्या पिळणार. त्याच वर्षाच्या फेब्रुवारीअखेरीस, २०१४ मध्ये कोबाल्ट प्रत्यक्ष पाहिलेल्या इंटिग्रल उपग्रहाचे निरीक्षणकार्य थांबले. त्याच्या तोडीचे गॅमा वर्णपट घेणारे दुसरे उपकरण सध्या अवकाशात नाही. नासाचा ‘कोसी’ नावाचा छोटा उपग्रह २०२७ मध्ये सोडायचे ठरले आहे. मला विचाराल तर नव्या सर्वेक्षण-कॅमेऱ्यापेक्षा अशा दोन-तीन गॅमा उपकरणांवर आणि वर्णपट घेणाऱ्या मध्यम दुर्बिणींवर पैसा घालावा. त्यातल्या दुर्बिणी आपल्या हानले आणि देवस्थळसारख्या जागी उभ्या आहेत आणि वाढवताही येतील. दरम्यान शेजारच्या एखाद्या दीर्घिकेत श्वेत बटू फुटला, तर त्याचा आलेख आपल्याकडे इतिहासातला सर्वांत सुबक असेल, आणि त्याच्या निकेलचे किरण पृथ्वीजवळून कुणीही न मोजता निघून जातील.